आत किती, बाहेर किती

४ तारीख, मंगळवार

पोचलो एकदाचा! एका हातात हत्यारांची पेटी, पाठीवर वळकटी, आणि गोदीच्या फाटकावरच्या रखवालदारानं नाव विचारायच्या आधीच खोलीची किल्ली हातावर ठेवली. खोली कसली, चांगल्या दोन खोल्या आहेत. भिंतींना नुकताच रंग दिलाय, मोरीला वेगळं दार आहे आणि दाराला आतून कडी! मी ती कडी चार वेळा लावून-काढून बघितली. वर्षभर आम्ही तिघं मेहुण्याच्या घरी जिन्याखाली पडलोय. तिथं मोरीत शिरायच्या आधी खाकरावं लागतं, आणि शिरल्यावर मेहुण्याच्या दाढीचे केस साबणाला चिकटलेले दिसतात. शी! लिहितानासुद्धा नको वाटतं.

काम असं आहे. गोदीच्या मालकीणबाईंची एक फेरीबोट आहे, या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी. दोन महिने बंद पडलीय, कारण इंजिनात दम नाही. पंधरा तारखेला ती पुन्हा सुरू करायचीय. मी इंजिन नीट करायचं, चाचणीच्या कागदावर सही करायची, की नोकरी कायम आणि खोल्या आमच्या. मग पंधराला पलीकडच्या काठावरून पहिल्याच फेरीनं ही आणि छकुली येतील. रस्त्यानं यायचं तर वळसा घालून अकरा तासांची बस, आणि छकुली पहिल्या वळणालाच ओकते. म्हणजे बोटच. ही म्हणते की स्वतःच्या बायको-पोरीसाठी तरी इंजिन घासूनपुसून दे, तसंही तुम्हाला दुसरं काय येतं. माझ्या स्वच्छतेवरून ती मला असंच टोचते.

ही वही म्हणजे ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या उस्तादांची शिकवण. इंजिन उघडलं की त्याची तोंडं फडक्यांनी बुजवायची, नाहीतर आत कचरा जातो. पण बुजवलेलं फडकं विसरलं तर इंजिनाची वाट लागते. म्हणून आधी ‘आत किती’ लिहायचं, मगच फडकं घालायचं. काढून झाल्यावर ‘बाहेर किती’. बाहेरचा आकडा जोवर पडत नाही, तोवर इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. बावीस वर्षांत माझा एकदाही आकडा चुकलेला नाही. तेवढ्यापुरतं काय लिहायचं, म्हणून मग बाकीचंही लिहितो.

बोट धक्क्याला बांधलेली आहे. इंजिनखोलीत उतरायला लोखंडी शिडी. खोलीच्या बरोब्बर डोक्यावर फळ्यांचा मजला आणि त्यावर बायका-मुलांचा बाक. फळ्यांत बोटबोट फटी आहेत, खालून वरच्यांचे बूट दिसतील. कप्तान म्हातारा आहे, बोलायला मऊ, पण पेटीतलं माझं फिलर गेज, बारीक फटी मोजायची पातळ पट्टी, उचलून त्यानं सरळ दात कोरले आणि पँटला पुसून परत ठेवलं. पुसून! मी ते रॉकेलमध्ये टाकलं, वर साबणानं धुतलं. तरी उद्या वापरताना मला त्याच्या दाढा आठवणार.

५ तारीख, बुधवार

छकुलीला मी टर्बो असा समजावला होता: इंजिनाचा धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावर पलीकडं दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. कोंबलेल्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. हवा कमी पडली की डिझेल अर्धं जळतं, काळा धूर निघतो आणि बोट गाभण म्हशीसारखी चालते. छकुलीच्या लक्षात फक्त म्हैस राहिली.

बोट दोन दोरखंडांनी धक्क्याला आवळून पूर्ण जोर लावला. बूस्टचा काटा दीड किलोवर जायला हवा, पाऊणवर अडकला. मी आधी काट्यावरच संशय घेतो, कारण निम्म्या वेळा इंजिन निर्दोष असतं आणि काटाच थापा मारतो. स्वतःचा काटा लावला. पाऊणच. काट्याच्या बारीक नळीत तार घातली तर पिवळं, मऊ, कानातल्या मळासारखं काहीतरी लांबलचक बाहेर आलं. वासही तसलाच. ते पुसलेलं फडकं मी चिमट्यानं उचलून टाकलं.

मग हवेचा फिल्टर. फिल्टरची घाण नेहमी बाहेरच्या बाजूला असते, कारण हवा बाहेरून आत जाते. याची बाहेरची बाजू कोरी आणि आतली बाजू बुळबुळीत, करडी. म्हणजे इंजिनानं बाहेर फुंकल्यासारखी. कुणीतरी गाढवानं उलटा बसवला असणार. आधीच्या मिस्त्रीबद्दल विचारलं तर कप्तान म्हणाला की तो काम सोडून गेला, आणि लगेच हवापाण्याबद्दल बोलू लागला.

नवा फिल्टर घातला. काटा पॉइंट ऐंशी. फडकी आत ३, बाहेर ३.

६ तारीख, गुरुवार

आज हवेच्या पाइपांचे सांधे. साबणाचं पाणी फासायचं आणि बारीक हवा सोडायची, गळती असेल तिथं फुगे येतात. एक पट्टा ढिला सापडला. आवळला. खूश होऊन हवा बंद केली आणि हात पुसत बसलो.

टर्बोच्या तोंडाशी, जिथून हवा आत जाते तिथं, साबणाचा एक फुगा राहिला होता. तो फुगला. मग बसला. मग फुगला. हवा बंद, इंजिन बंद. लाटांनी बोट हलत असेल आणि आतली हवा मागंपुढं होत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. घड्याळ लावून बघितलं, मिनिटाला बारा वेळा. लाटा कधी इतक्या शिस्तीत येतात?

तोंड बुजवायला मी चार फडकी घातली होती, पांढरी, हिच्या जुन्या चादरीची. काढली तर पाच निघाली. पाचवं निळं, जाड, मिस्त्री अंगात घालतात त्या डांगरीच्या कापडाचं. ओलं होतं, तेलानं नव्हे. नाकाशी नेलं आणि लगेच हात लांब केला. सकाळी दात न घासलेल्या माणसानं तोंडाजवळ येऊन बोलावं, तसला वास. आधीचा मिस्त्री फडकं आत विसरला होता तर! त्याला मी खच्चून शिव्या घातल्या. असल्यांच्या हातात इंजिनं देतात म्हणून हा धंदा बदनाम आहे.

फडकी आत ४, बाहेर ५. माझ्या वहीत असला आकडा पहिल्यांदा पडला. काटा पॉइंट पंच्याण्णव.

८ तारीख, शनिवार

आफ्टरकूलर उघडला. टर्बोतून आलेली तापलेली हवा यातल्या बारीक पात्यांमधून गार होऊन पुढं जाते. पाती बुजली की बूस्ट मेला. म्हटलं, चोर सापडला.

पात्यांवर साय होती. दुसरा शब्द नाही. पांढरट, जाड, मधे मधे दाणेदार, तापकऱ्याच्या जिभेवर साठते तशी. खरवडलं की खालचं लालसर दिसायचं. लोखंड लालसर कशाला असेल? गंज असणार, गंजच. मी नाकाला रुमाल बांधून तीन तास खरवडलं. बादलीभर निघालं. बादली उचलताना बघितलं, तर त्यात चंद्रकोरीसारखं कापलेलं एक नख होतं, काळ्या कडेचं. मिस्त्री लोकांची नखं तशीच असतात. मी शिडी चढून वर गेलो आणि कठड्यावरून ओकलो. कप्तान शेजारी उभा राहून भाजलेले दाणे खात होता. हात पुढं करून मलाही विचारलं.

बाई दुपारी धक्क्यावर आल्या होत्या, नाकाला अत्तराचा रुमाल लावून. बोटीवर पाऊल ठेवत नाहीत. वरूनच विचारलं की पंधराला जमेल ना, दोन्ही काठांवर फलक लागलेत. मी जमेल म्हणालो.

संध्याकाळी मेहुण्याच्या फोनवर हिच्याशी बोललो. छकुलीला बोटीसाठी लाल बूट घेतलेत, ती ते घालूनच झोपतेय म्हणे.

१० तारीख, सोमवार

काल सुट्टी होती. दिवसभर हात धुतले.

आज कूलर परत बसवायला गेलो तर पात्यांवर पुन्हा पातळ साय. शनिवारी मी स्वतः सोड्याच्या पाण्यानं धुऊन लख्ख केलेली पाती! इंजिनखोलीला कुलूप होतं, किल्ली माझ्या गळ्यात. मी पुन्हा धुतलं. मी काही सोडणाऱ्यांतला नाही.

फडकी आत ४, बाहेर ९. पाच निळी. एकावर बटण आहे. एक म्हणजे अख्खा खिसाच, आणि खिशात पेन्सिलीचा तुकडा, चावलेला. म्हणजे फडकी नाहीतच ही. कुणाची तरी डांगरी आहे, फाडलेली. फाडलेली म्हणावं तर कडा कातरलेल्या नाहीत, चघळलेल्या आहेत. हातमोजा चढवून सगळे तुकडे डब्यात भरले आणि डब्याला झाकण घट्ट लावलं.

टर्बोमागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं सापडलं. दोन रकाने, आत आणि बाहेर. माझ्यासारखाच तोही आकडे ठेवायचा! मग विसरला कसा? माझ्या शिव्या मला परत घ्याव्याशा वाटल्या. त्याचे आकडे शेवटपर्यंत जुळतात. शेवटची ओळ घाईची आहे: आत फडकी ७, आत डांगरी १. त्यापुढं खडू घसरलाय. बाहेरचा रकाना कोरा.

काटा सव्वा किलो. धूर जवळजवळ गेला.

११ तारीख, मंगळवार

टर्बोच उघडला. चाक हातानं फिरवलं, दांड्याचा खेळ बघितला, सगळं मापात. पण चाकाच्या मागं, पाइपाच्या वळणात, काहीतरी मऊ अडकलेलं बोटाला लागलं. कोपरापर्यंत हात घातला. आत गार असायला हवं, इंजिन कालपासून बंद आहे. कोमट होतं आणि ओलं.

मग माझं बोट चोखलं गेलं.

वासरू चोखतं तसं. दात नाहीत, नुसत्या हिरड्या. एकदा, दोनदा, लाडात आल्यासारखं. मी किंचाळलो, हात ओढला, आणि हाताबरोबर शेवटचा निळा गोळा आला: कॉलर, दोन्ही बाह्या, आणि त्यांत गुंडाळलेलं काहीतरी, जे मी बघितलं नाही. बघणार नाही. तसंच्या तसं डब्यात टाकलं. उजव्या हाताला मी रॉकेल, साबण, सोडा, राख, सगळं लावलं, कातडं सोलवटलं तरी लाळ लागल्यासारखं वाटतंय.

टर्बो बांधला, चालवून बघितलं. दीड किलो! काटा दीडवर सुईच्या टोकासारखा स्थिर, धूर शून्य, आवाज गोड. काय सांगू, एवढं सगळं होऊनही मला आनंद झाला. बाईंनी कागद पुढं केला आणि मी सही केली. दमटपणामुळं भास होतात, पोटात अन्न नव्हतं, असं मी स्वतःला समजावलंय. खोल्या आमच्या झाल्या. मोरीची कडी पुन्हा एकदा लावून बघितली.

फडकी आत ४, बाहेर ५.

१२ तारीख, बुधवार

काही हात लावला नाही आणि काटा एक पॉइंट सात. कप्तान खूश, म्हणाला की बोट तरणीताठी झाली. मी म्हणालो की कमी बूस्ट हा आजार तसा जास्त बूस्ट हाही आजारच. त्याचं हसू मावळलं आणि तो फिलर गेज शोधू लागला.

दुपारी इंजिन बंद असताना खाली गेलो. टर्बोच्या तोंडापुढं हात धरला. ओढतंय. सोडतंय. सोडलेली हवा उष्ण आहे आणि तिला तोच वास. मला त्या वासाची सवय होत चाललीय, आणि त्याचीच जास्त किळस येतेय.

१३ तारीख, गुरुवार

काटा एक पॉइंट नऊ.

तोंडावर आणीबाणीची झडप असायला हवी. कधी इंजिन बेलगाम पळतं, डिझेल तोडलं तरी स्वतःचंच तेल पिऊन पळतं, तेव्हा त्याला थांबवायचा एकच उपाय, हवा कोंडणं. त्यासाठी लोखंडी झडप असते. इथं नुसती तिच्या बोल्टांची भोकं आहेत. विचारलं तर म्हणे मागवलीय. आज भंगाराच्या ढिगात ती सापडली. बोटभर जाड पत्रा, कागदाच्या घडीसारखा दुमडलेला, आणि तोही आतल्या बाजूला ओढला गेल्यासारखा.

ती मी कप्तानाच्या मांडीवर टाकली. मग तो बोलला. दोन महिन्यांपूर्वी भर पाण्यात, चाळीस माणसं बाकांवर असताना, इंजिन पळालं. डिझेल तोडलं, उपयोग नाही. गिअर काढावा तर मोकळं सुटून फुटेल आणि तुकडे वर बाकापर्यंत जातील. मिस्त्रीनं झडप लावली, ती आत ओढली जाऊन दुमडली. फडकी घातली. अंगातली डांगरी काढून घातली. मग एकदम सगळं शांत झालं. कप्तान खाली उतरला तेव्हा मिस्त्री नव्हता. फक्त बूट होते, नाड्या सोडून, शेजारी शेजारी ठेवलेले. त्याचं कप्तानाला अजून कोडं आहे, की अशा घाईत माणूस बूट कशाला काढेल. बाईंनी सांगितलं की तो पळून गेला असं म्हणायचं. त्या दिवसापासून इंजिनाला दम नव्हता. मग मला का नाही सांगितलं, असं मी ओरडलो, तर म्हणाला की मला कुणी विचारलंच नाही. दाण्याचं टरफल त्याच्या ओठाला चिकटलेलं होतं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण त्याला हात लावायचीसुद्धा शिसारी आली.

कमी बूस्ट हा बिघाड नव्हताच. तो त्या माणसानं घातलेला बोळा होता. स्वतःचा. आणि मी, स्वच्छतेचा किडा, आठवडाभर घसा घासूनपुसून मोकळा करत होतो.

१४ तारीख, शुक्रवार

बाईंना सांगितलं. म्हणाल्या की इंजिन जास्त जोर देतंय तर तक्रार कसली, आणि कागदावर सही माझी आहे. रुमाल नाकाला लावूनच बोलल्या. तो रुमाल कशासाठी ते आता मला कळलं: हा वास त्यांना आधीपासून ठाऊक आहे.

डबा घेऊन खाली गेलो, निळे तुकडे परत कोंबायला. झाकण उघडलं तर डबा रिकामा. बुडाशी नुसती थुंकी.

मेहुण्याला फोन केला, हिला म्हणावं उद्या येऊ नको. तो हसला. म्हणाला की दोघी दुपारीच निघाल्या, रात्री पलीकडच्या धक्क्याजवळ हिच्या मैत्रिणीकडे राहणार, आणि तुमचं जिन्याखालचं सामान मी बाहेर काढलंय. मैत्रिणीचा फोन त्याच्याकडे नाही. हिच्याकडे फोनच नाही.

स्टार्टरची केबल काढून खोलीवर आणली. केबलशिवाय इंजिन सुरू होत नाही. कुठलंच होत नाही.

१५ तारीख, शनिवार

सकाळी सात. केबल माझ्या हातात आहे. इंजिन चालू आहे. खोलीतून ऐकू येतंय.

पावणेआठ. धावत आलो. कप्तानाला वाटलं मीच सुरू केलं. दोर सुटलेले होते, उडी मारून चढलो. वळव म्हणालो, तर त्यानं धक्क्यावरच्या बाईंकडे बोट दाखवलं. ठीक. पलीकडं जाऊन दोघींना उतरूच देणार — चढूच देणार नाही. काटा दोन. खाली जात नाही.

साडेआठ. पलीकडं गर्दी. साठ तरी माणसं. ही सामानासकट पुढं. चढू नका म्हणून ओरडलो. हिला वाटलं मी आनंदानं ओरडतोय, हात हलवला. चढली. छकुलीही. बाकाशी जाऊन हिला हाताला धरून ओढतोय तर ती म्हणते की लोक बघतायत, काय हे — आणि खालून आवाज चढला. कुणी दांडा हलवला नव्हता. दोर तटातट तुटले. बोट निघाली, सगळ्यांना घेऊन.

आठ चाळीस. खाली आहे. कप्तानानं डिझेल तोडलं, मी स्वतः नळी कापली. पळतंय तरीही. काटा अडीच. टर्बोचं तोंड ओलं झालंय — कडेनं गुलाबी — ओठ म्हणणार नाही, मी ओठ म्हणणार नाही. लाळ गळतेय फरशीवर. वर किंकाळ्या.

फटीतून लाल बूट दिसतायत. बरोबर माझ्या डोक्यावर. हलतायत. छकुली हिला विचारतेय की बाबा खाली काय करतायत. ही म्हणाली साफसफाई.

नियम तो नियम. आधी लिहायचं, मग घालायचं.

आत: फडकी, पांढरी, ६. — गिळली. चावलीसुद्धा नाहीत.

आत: माझी डांगरी, १. — काटा अडीचवरून सव्वादोन. पुन्हा चढतोय. ढेकर दिली. शी — देवा, तो वास —

फुटेल. आता फुटेल. वर बाक आहे.

पाना घालावा? नाही. लोखंड आत गेलं तर चाकाचे तुकडे होऊन वर — मऊच घालायला हवं. म्हणून. म्हणून त्यानं बूट काढले. टाचेत खिळे असतात. वेडा नव्हता तो. चांगला मिस्त्री होता, आणि मी त्याला शिव्या घातल्या.

माझे काढले. नाड्या सोडून. शेजारी शेजारी.

आत: डावा हात, १. — कोमट. चोखतंय. ओळखतंय मला. काटा दोन. पावणेदोन. आवाज उतरतोय, वरच्यांचं रडणं ऐकू येतंय, म्हणजे चालतंय हे. किळस येतेय ग, फार किळस येतेय, हात काढून घ्यावासा — नाही.

मोरीची कडी आतून नीट लागते. छकुलीला शिकव. खोल्या सोडू नकोस. सही माझी आहे.

वही फटीतून वर सारतो. ज्याला मिळेल त्यानं वाचावं. आतलं काही काढू नका. साफ करू नका. बाहेरचा आकडा पडत नाही तोवर इंजिनाला कुणी हात

आत: मी, १.

बाहेर: